पाण्याची वारी

॥ रामकृष्णहरि ॥

सज्जनहो, आषाढी जवळ आली की देहूहून तुकोबारायांची आणि आळंदीहून ज्ञानोबारायांची पालखी निघते, व अठरा-वीस दिवसांची वाटचाल करून पंढरीस पोहोचते, हे लहान पोरासही ठाऊक आहे. परंतु याच गावांहून दुसरी एक वारी निघत असते. ती बाराही महिने चालते, तिला ना विसावा ना मुक्काम. ती वारी पाण्याची. इंद्रायणी लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावते, देहूस येते, आळंदीस येते आणि तुळापूरला भीमेस मिळते. चिंचवडची पवना मुळेस मिळते, मुळा पुण्यात मुठेस मिळते, आणि ती मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ त्याच भीमेत उतरते. सासवडच्या सोपानकाकांची कऱ्हा नीरेत जाते व नीरा नरसिंहपुरास भीमेत. हे सर्व पाणी पंढरीस येऊन चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून तेथे तिचे नाव चंद्रभागा. म्हणजे काय झाले? ज्या गावांहून संतांच्या पालख्या निघतात, त्या गावांच्या नद्याही पंढरीलाच येतात!

आता वारीला निघणारा माणूस पडशीत काय काय बांधून घेतो, ते आपणांस माहीत आहे. या पाण्याच्या पडशीत आपण काय बांधून देतो, हा आजच्या निरूपणाचा विषय होय.

कोणी म्हणेल, "बुवा, तुम्ही हरिकथा सांगावी. नदीनाल्यांचा विषय सरकारचा, नाहीतर कॉलेजातल्या पोरांचा." पोरांचा आहे हे खरे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, पर्यावरणाचे शिक्षण सर्वांस मिळाले पाहिजे. आणि पुढे त्याच्या अनुषंगाने विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांना सहा महिन्यांचा एक सक्तीचा अभ्यासक्रम लावून दिला. आमच्या प्रवचनास येणारा एक तरुण विद्यार्थी म्हणाला, "महाराज, तो विषय आम्ही पास होण्यापुरता वाचतो." आम्ही त्याला म्हटले, "बाळा, हरिपाठसुद्धा पुष्कळ लोक पाठ होण्यापुरताच म्हणतात. पण त्यात हरिपाठाचा दोष नाही." मग त्याच्याकडून ते पुस्तक मागून घेतले आणि वाचले. त्यात आम्हांला परके असे फार थोडे आढळले.

प्रथम शब्द पाहू. परि म्हणजे सभोवार आणि आवरण म्हणजे वेष्टन. जीवाला सर्व बाजूंनी वेढून असलेले जे काही, ते पर्यावरण. या शास्त्राला पाश्चात्त्यांनी जे नाव दिले, ते १८६६ साली हेकेल नावाच्या जर्मन पंडिताने बनविले, व त्याच्या मुळाशी ग्रीक भाषेतील 'घर' या अर्थाचा शब्द आहे. एतावता हे घराचे शास्त्र! घरात कोण कोण राहते, कोण कोणाच्या आधाराने राहते, कोण मिळविते आणि कोण सांडलवंड आवरते, एवढेच त्यात सांगितलेले असते. ज्या संप्रदायाच्या आद्य आचार्यांनी भक्ताचे लक्षण सांगताना विश्वालाच त्याचे घर ठरविले, त्या संप्रदायाला हे शास्त्र परके वाटावे काय?

या घराची व्यवस्था दिंडीच्या दृष्टांताने लवकर समजते. दिंडीत कोणी पताका धरतो, कोणी वीणा, कोणी टाळ, कोणी मृदंग. मायमाउल्यांच्या डोईवर तुळशीवृंदावन असते. स्वयंपाकाची मंडळी पुढे जाऊन चूल पेटवितात. सृष्टीतही तसेच आहे. झाडेझुडपे, गवत, पाण्यातले शेवाळ ही मंडळी सूर्याच्या उजेडावर अन्न शिजवितात. त्यांस उत्पादक म्हणतात. ते अन्न खाणारे किडे, मासे, गुरे, माणसे हे भक्षक. हे दोन वर्ग सर्वांच्या डोळ्यांसमोर असतात. तिसरा वर्ग मात्र दिसत नाही. तो म्हणजे बुरशी आणि जिवाणू. पडलेले पान, मेलेले पाखरू, शेण, मैला, जे जे म्हणून टाकाऊ, ते ते हे खाऊन टाकतात आणि पुन्हा मातीत मिळवितात, म्हणजे त्यावर नवे झाड वाढावे. यांना विघटक म्हणतात. आम्ही त्यांना सृष्टीतले गाडगेबाबा म्हणतो. बाबा दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. १९५६ साली त्यांनी देह ठेवला. पण मातीतले आणि पाण्यातले हे बाबा मात्र अजून झाडीतच आहेत. ते एक महिना संपावर गेले, तर माणसाला पाय ठेवायला जागा राहणार नाही!

आता मुख्य सिद्धांताकडे वळू. आम्ही पाठशाळेत सांख्यशास्त्र शिकलो. त्यात सत्कार्यवाद म्हणून एक वाद आहे. जे नाही ते उत्पन्न होत नाही आणि जे आहे त्याचा अत्यंत नाश होत नाही. केवळ रूप पालटते, असा त्याचा इत्यर्थ. मातीचा घट होतो, घटाच्या खापऱ्या होतात, खापऱ्यांची पुन्हा माती होते. पण माती कोठे जात नाही. आजचे शास्त्र हेच सांगते. ऊर्जा सूर्याकडून येते, उष्णता होऊन निघून जाते. परंतु द्रव्य जागच्या जागी फिरत राहते. म्हणून आपल्या बोलण्यातला एक शब्द फार घातक आहे. तो शब्द 'गेले'. नदीत टाकले, वाहून गेले. नाल्यात सोडले, निघून गेले. अहो, गेले म्हणजे कोठे गेले? देहूहून गेले ते आळंदीस गेले. आळंदीहून गेले ते तुळापुरास गेले. आणि शेवटी जेथे आपण गुडघाभर पाण्यात उभे राहून डोळे मिटतो आणि ओंजळ भरून तीर्थ म्हणून तोंडाला लावतो, तेथे ते आले!

अरुंधतीची चांदणी दाखविताना आधी जवळचा मोठा तारा दाखवितात, मग बारीक. त्या न्यायाने आधी डोळ्यांना दिसणारे घेऊ. आळंदीस इंद्रायणीवर पांढरा फेस अलीकडच्या वर्षांत अनेकदा आला. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. कोणा भोळ्या भाविकाला तो दुधासारखा वाटेल. पण तो फेस कपड्यांच्या व भांड्यांच्या साबणचुऱ्याचा, कारखान्यांच्या रसायनांचा आणि मैलापाण्याचा. पाणी बंधाऱ्यावरून पडताना घुसळले जाते आणि फेस वर येतो. देहू ते आळंदी या वाटेत नदीच्या एका अंगाला पिंपरी-चिंचवडसारखे मोठे नगर आणि दुसऱ्या अंगाला चाकणकडची कारखानदारी. दोहोंचे नाले तिला मिळतात.

आता न दिसणारे पाहा. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो; मासा कल्ल्यांनी तोच घेतो. आपल्याकडील हवेत १ लिटर स्वच्छ पाण्यात साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. पाणी तापले की त्याहून कमी. मघाशी सांगितलेले जिवाणू पाण्यातली घाण खातात, तेव्हा तेही हाच प्राणवायू वापरतात. घाण पचविण्यास किती प्राणवायू लागेल याचे जे माप, त्याला पुस्तकात बीओडी म्हणतात. न शुद्ध केलेल्या घरगुती मैलापाण्यात हे माप लिटरमागे २०० मिलिग्रॅम आणि त्याहूनही अधिक असते. आता तोंडचा हिशोब करा. २०० ला ८ ने भागले की २५ येतात. म्हणजे एक तांब्या मैलापाणी हे पंचवीस तांबे निर्मळ पाण्याचा सगळा प्राणवायू खाऊन टाकू शकते. वाहती नदी हवेतून पुन्हा प्राणवायू घेते हे खरे. पण एका नदीने किती घ्यावा? सरकारी मानकाप्रमाणे स्नानास योग्य पाण्यात प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम असावा व बीओडी ३ च्या आत असावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ नदीपट्टे प्रदूषित म्हणून नोंदले आहेत. त्यांतले ५५ एकट्या महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत अधिक! संतांची भूमी म्हणून आपण पहिले. आणि येथेही पहिलेच.

पुढची वाट उजनीची. १९८० साली पुरे झालेले हे धरण ११७ अब्ज घनफूट पाणी साठविते. पुण्याकडून येणारे सगळे तेथे थांबते. मैल्यातले नत्र आणि साबणातले स्फुरद ही खते होत. शेतात पडली असती तर ज्वारी डोलली असती. पाण्यात पडली म्हणून शेवाळ आणि जलपर्णी माजते. ही जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली, फुलांच्या शोभेसाठी आणलेली. ती पाण्यावर गालिचा अंथरते, ऊन खाली जाऊ देत नाही, आणि कुजते तेव्हा उरलासुरला प्राणवायू संपवून जाते. आणि आषाढीस चंद्रभागेत जे पाणी सोडतात, ते याच उजनीतून.

सज्जनहो, पांडुरंगाचे ध्यान करताना आपण मस्तकापासून चरणांपर्यंत उतरतो. त्याच्या कानांकडे नीट पाहा. तेथे मत्स्याकार कुंडले आहेत. भगवंताने पहिला अवतार घेतला तो मत्स्याचा, आणि विटेवर उभा राहिला तेव्हाही मासा त्याने कानाशी ठेवला. देहूच्या डोहातले मासे आपल्या वाडवडिलांनी देवाचे म्हणून राखले. त्यांवर कोणी गळ टाकीत नसे. आज गळ न टाकताही मासा मरतो. कानांत मासा आणि पायाशी माशावाचून नदी, हे ध्यान आपण पुढच्या पिढीच्या हाती द्यावयाचे काय?

येथे तीन पूर्वपक्ष उभे राहतात. त्यांचे समाधान केल्यावाचून पुढे जाता येत नाही.

पहिला पूर्वपक्ष भाविकांचा. "तीर्थ कधी बाटते का हो? ते आमची पापे धुते, त्याला ही घाण किती?" उत्तर असे. पावित्र्य हा तीर्थाचा स्वभाव आहे, स्वच्छता हा आपला आचार आहे. या दोहोंची गल्लत करू नये. आई आजारी पडली म्हणून तिचे आईपण जात नाही. परंतु आईपण जात नाही म्हणून तिला औषध देऊ नये काय? आणि जो स्वतः तिच्या पेजेत माती कालवतो, तो वर म्हणतो की आईला काही होत नाही! स्मृतिकारांनी पाण्यात मलमूत्र टाकू नये, थुंकूसुद्धा नये, असा स्पष्ट निषेध केला आहे. पाणी बाटतच नसते तर हा निषेध त्यांनी कशाला केला असता?

दुसरा पूर्वपक्ष वेदान्त ऐकून अर्धवट शहाणा झालेल्यांचा. "जग मिथ्या आहे, मिथ्या नदी मिथ्या फेसाने भरली, त्यात शोक कसला?" यावर आम्ही एवढेच म्हणतो की, माउलींचा अमृतानुभव उघडा. त्यांनी जगाला अज्ञानाचे कार्य म्हणून झटकून टाकलेले नाही. अज्ञानवादाचे तेथे सविस्तर खंडन आहे, आणि जे दिसते तो त्या चैतन्याचाच विलास आहे असा निर्णय आहे. तो विलास म्हणजे त्याचेच रूप. त्या रूपावर मळ फासणारा कोणावर फासतो, ते त्याने आपल्या मनाशी ठरवावे. शिवाय, ज्यांना नदी मिथ्या वाटते त्यांना भूक मात्र मिथ्या वाटत नाही, हे आम्ही पंगतीत पाहतो.

तिसरा पूर्वपक्ष व्यवहाराचा, आणि तो सर्वांत बळकट आहे. "बुवा, वारकरी वर्षातून चार दिवस येतो. शहरांचे नाले आणि कारखान्यांचे पाणी रोज येते. उपदेश मात्र गरिबाला!" यात सत्य पुष्कळ आहे, आणि ते लपविणे हा अधर्म होईल. नदीचा मोठा मळ शहरांच्या सांडपाण्याचा आहे. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ सालचा, पर्यावरणाचा १९८६ सालचा. नमामि चंद्रभागा ही सरकारी योजना २०१६ साली जाहीर झाली. कायदा आहे, मंडळ आहे, योजना आहे, फेसही आहे. ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण बाबांनो, तो शहराचा नाला कोणाच्या घरातून निघतो? पिंपरीतल्या, पुण्यातल्या, भोसरीतल्या ज्या घराच्या भिंतीवर माउलींची तसबीर आहे, गळ्यात तुळशीची माळ आहे, त्याच घराची मोरी त्या नाल्याला जोडलेली आहे. वारकरी चार दिवस नदीकाठी असतो आणि उरलेले सर्व दिवस आपल्या घरी. परंतु घरीही तो नदीकाठीच असतो, मध्ये फक्त एक नळ असतो. तेव्हा वारकरी निराळा आणि शहर निराळे, हा भेद उरत नाही.

आणि त्या चार दिवसांविषयीही एक कटू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. माणसाकडून हाताने मैला उचलून घेण्याची प्रथा बंद व्हावी, म्हणून झालेल्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयापुढे पंढरपुरातील यात्रेचा प्रश्न आला. २०१४-१५ च्या सुमारास न्यायालयाला शौचालये वाढविण्यास सांगावे लागले, आणि वाळवंटात तंबू-राहुट्या टाकण्यावर बंधने घालावी लागली. पुढे नदीपलीकडे ६५ एकरांवर वारकऱ्यांची सोय झाली. पुष्कळांना तेव्हा राग आला, की आमच्या वाळवंटात आम्हांलाच मनाई! पण मनाई कशामुळे आली हे ध्यानात घ्या. आपण वाळवंटात जे टाकून जात होतो, ते उचलणारे हात कोणाचे होते? नामदेव पायरीशी आपण चोखोबांच्या समाधीवर डोके ठेवतो, आणि पाठीमागे आपला मैला दुसऱ्या एका मायबापाच्या लेकराच्या हाती देतो. समतेची पताका खांद्यावर घेणाऱ्याला यापरता दुसरा प्रमाद कोणता? आम्ही म्हणू, पर्यावरणाचा हा पहिला धडा आहे: आपली घाण दुसऱ्याच्या माथी मारू नये, मग तो दुसरा माणूस असो, मासा असो, की खालच्या गावचा अनोळखी वारकरी असो.

प्लॅस्टिकविषयी थोडे सांगून हा भाग संपवू. आपला देह शेवटी पंचत्वास जातो. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही आपापला वाटा परत घेतात. पिशवीला मात्र पंचत्व नाही! पृथ्वी तिला पचवीत नाही, पाणी तिला विरघळवीत नाही, अग्नीत घातली तर वायू विषारी होतो. तिचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात, आणि ते कण माशाच्या व गुरांच्या पोटात जातात. महाराष्ट्रात २०१८ साली अशा पिशव्यांवर आणि थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली. तरीही अन्नदानाच्या मंडपामागे ढीग दिसतोच. अन्नदानाचे पुण्य अगाध आहे. पण पळसाच्या पत्रावळीवर ते काही उणे होत नाही. पत्रावळ विघटकांच्या पंगतीला तरी उपयोगी पडते.

तुकोबांनी भंडाऱ्याच्या एकांतात झाडावेलींशी जे नाते जोडले, तो अभंग प्रत्येक सभेत गाइला जातो, वृक्षारोपणाच्या फलकावरही लिहिला जातो. नाते सांगणे सोपे. नाते निभावणे म्हणजे लावलेल्या रोपाला दोन उन्हाळे पाणी घालणे. आणि याच इंद्रायणीने तुकोबांची गाथा तेरा दिवस पोटात ठेवून कोरडी परत दिली, अशी आपली श्रद्धा आहे. तिच्या स्वाधीन केलेली ठेव तिने सांभाळली. आपल्या स्वाधीन आज ती आहे.

तेव्हा करावयाचे काय? माळ घालताना आपण नेम घेतो; एकादशी धरतो, वारी चुकवीत नाही, अभक्ष्य खात नाही. त्या नेमांच्या शेजारी आणखी एक नेम ठेवावा: वाहत्या पाण्यात हातातले काहीही सोडावयाचे नाही. निर्माल्य नाही, जुने कपडे नाहीत, द्रोण नाही, पिशवी नाही. निर्माल्य तुळशीच्या किंवा झाडाच्या मुळाशी मातीत घालावे, ते देवाच्याच कामी येते. नदीत स्नान करावे, साबण लावू नये. शौचास बांधलेल्या ठिकाणीच जावे, रांग असली तरी. रांगेत नामस्मरण करण्यास कोणाची हरकत नाही! दिंडीचालकांनी पताकेवाल्याची जशी नेमणूक असते, तशी तळ हलल्यावर मागे राहून जागा झाडणाऱ्या चार जणांची नेमणूक करावी, आणि त्यांचा मान वीणेकऱ्याइतकाच ठेवावा. शहरात राहणाऱ्यांनी आपल्या वस्तीचे सांडपाणी कोठे जाते, ते शुद्ध होते की तसेच सोडले जाते, हे नगरपालिकेस लेखी विचारावे. उत्तर न आले तर पुन्हा विचारावे. आणि आमच्या कीर्तनकार बंधूंस विनंती की, चतुर्मासात एक तरी सेवा या विषयावर करावी.

कॉलेजातल्या मुलांना वेगळे सांगणे आहे. तुमच्या पुस्तकात पाणी तपासण्याच्या रीती आहेत. आषाढीपूर्वी देहूचे, आळंदीचे, नीरेचे आणि पंढरीचे पाणी बाटलीत घेऊन ते आपल्या प्रयोगशाळेत तपासा, आणि जे आकडे येतील ते गावच्या मंदिरातील फळ्यावर लिहा. म्हातारी माणसे वाचतील. पंचांग वाचतात, हेही वाचतील. मग तो विषय पास होण्यापुरता राहणार नाही.

कीर्तनाच्या शेवटी आपण पसायदान म्हणतो. माउलींनी त्यात स्वतःसाठी काही मागितले नाही, भूतमात्रासाठी मागितले. भूतमात्रात मासा येतो, पाणकावळा येतो, शेवाळही येते, आणि खालच्या गावी हंडा घेऊन नदीवर आलेली बाईही येते. यंदा पसायदानाला हात जोडाल, तेव्हा यांतले एक कोणी डोळ्यांसमोर आणावे, एवढीच वाचकांच्या चरणी प्रार्थना.

॥ रामकृष्णहरि ॥